प्रार्थना गुन्हा ठरते का? कन्व्हर्जन थेरपीवरील बंदी आणि ख्रिस्ती मंडळ्या

प्रश्न असा आहे: अनेक देशांत कन्व्हर्जन थेरपीवर बंदी घालणारे कायदे झाले आहेत. एक पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, यापुढे समलिंगी माणसासाठी प्रार्थना केली तरी तुरुंगात जावे लागेल. दुसरे म्हणतात, हे कायदे फक्त विजेचे झटके आणि मारहाण थांबवण्यासाठी आहेत, चर्चने घाबरायचे कारणच नाही. यात खरे कोणाचे, ख्रिस्ती लोकांची मते नेमकी काय आहेत, आणि अशा देशातल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासद समुदायाने, वागावे कसे?

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि दोघांनीही कायद्याचे कलम वाचलेले दिसत नाही. असा कायदा हातात आला की त्याचे नाव आणि त्यावरची भाषणे बाजूला ठेवून आधी व्याख्येतली क्रियापदे वाचावीत. 'बदलणे' एवढेच लिहिले आहे, की 'दडपणे' हेही आहे? 'उपचार करणे' आहे, की 'कोणतेही वर्तन' आहे? 'संमतीविना' आहे, की 'संमती असो वा नसो'? ख्रिस्ती मंडळ्यांमधला जवळजवळ सगळा वाद या दोन-तीन शब्दांवर उभा आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'कन्व्हर्जन' म्हटले की धर्मांतर आठवते. इथे त्याचा काही संबंध नाही. माणसाचा समलिंगी लैंगिक कल किंवा त्याची लिंगओळख (स्वतःला तो पुरुष मानतो की स्त्री) बदलून त्याला 'सरळ' करण्याच्या प्रयत्नांना हे नाव आहे. असे प्रयत्न डॉक्टरांनी केले, समुपदेशकांनी केले आणि चर्चच्या गटांनीही केले. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यानंतर वैद्यकीय वर्तुळातला जोर ओसरला, पण धार्मिक गटांमधला वाढला. १९७६ साली सुरू झालेली 'एक्सोडस इंटरनॅशनल' ही त्यातली सर्वांत मोठी छत्रसंघटना. तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी २०१२ साली जाहीरपणे कबूल केले की त्यांना भेटलेल्या बहुतेक सगळ्यांचा कल बदललेला नव्हता. जून २०१३ मध्ये त्यांनी माफी मागितली आणि संघटना बंद झाली. रॉबर्ट स्पिट्झर या मानसोपचारतज्ज्ञाचा २००३ चा अभ्यास 'बदल होतो' म्हणून वर्षानुवर्षे दाखवला जात होता. त्यांनी स्वतःच २०१२ साली आपला निष्कर्ष मागे घेतला आणि माफी मागितली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २००९ च्या अहवालातही कल बदलतो याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. काहींना नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचा त्रास झाल्याच्या नोंदी मात्र होत्या.

हा इतिहास सांगितल्याशिवाय धर्मस्वातंत्र्याची बाजू मांडायला उभे राहू नये. 'आम्हाला विनाकारण लक्ष्य केले जाते' असे म्हणणाऱ्या मंडळीने आधी हे मान्य करावे की पुष्कळ तरुणांना चर्चनेच खोटे वचन दिले होते. कल बदलला नाही तेव्हा 'तुझा विश्वास कमी पडला' असेही त्यांनाच ऐकवले गेले.

आता कायदे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१२ साली पहिला राज्यस्तरीय कायदा केला. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तो मार्ग धरला. या कायद्यांचा साचा मर्यादित आहे: परवानाधारक समुपदेशक आणि डॉक्टर, आणि समोर १८ वर्षांखालील मूल. पाळक पाळक म्हणून बोलत असेल तर तो त्यात येत नाही. युटामध्ये तर धर्मगुरूंना आणि पालकांना स्पष्ट सूट दिल्यावर तिथल्या प्रबळ मॉर्मन चर्चने विरोध सोडला आणि २०२० साली नियम लागू झाला.

जर्मनीचा २०२० चा कायदाही बऱ्यापैकी नेमका आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीवर असे 'उपचार' करणे गुन्हा. प्रौढाच्या बाबतीत संमती दबावाने, फसवून किंवा चुकीच्या समजुतीवर मिळवली असेल तरच गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. जाहिरातबाजीसाठी ३० हजार युरोपर्यंत वेगळा दंड. आईवडिलांनी आपल्या कर्तव्याचा ढळढळीत भंग केल्याशिवाय त्यांना शिक्षा नाही. फ्रान्सने जानेवारी २०२२ मध्ये दोन वर्षे कैद आणि ३० हजार युरो दंड ठेवला, पीडित अल्पवयीन असेल तर तीन वर्षे आणि ४५ हजार. तिथे 'वारंवार' केलेले बोलणे किंवा वर्तन आणि त्यातून प्रकृतीवर झालेला परिणाम, दोन्ही लागतात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले व्हिक्टोरिया राज्य यांच्याकडे आलो की चित्र पालटते. कॅनडाचा 'सी-४' कायदा ७ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. एखाद्याला अशा प्रकारातून जायला लावले तर पाच वर्षांपर्यंत कैद, जाहिरात केली किंवा त्यातून पैसा कमावला तर दोन वर्षांपर्यंत, आणि मुलाला त्यासाठी देशाबाहेर नेले तर पुन्हा पाच वर्षांपर्यंत. आधीच्या मसुद्यात प्रौढाच्या खऱ्या संमतीला जागा होती. ती काढून टाकली गेली. शिवाय व्याख्येत फक्त 'आकर्षण' नाही, 'लैंगिक वर्तन' कमी करणे किंवा दाबणे हेही आहे. व्हिक्टोरियाचा २०२१ चा कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तर उदाहरण म्हणून प्रार्थना, 'सुटकेची सेवा' (दुष्ट शक्तीपासून सोडवण्याचा विधी) आणि भूत काढणे यांची नावेच दिली आहेत. संमती असली तरी फरक पडत नाही. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुरुंगवास होण्यासाठी इजा झालेली असावी लागते, इजेला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजेला दहा वर्षांपर्यंत. इजा नसेल तर तक्रार समान संधी आयोगाकडे जाते आणि तिथे समज देणे, चौकशी, लेखी हमी असा दिवाणी मार्ग असतो. म्हणजे 'प्रार्थना केली की तुरुंग' हे खरे नाही. पण 'प्रार्थनेचा कायद्यात उल्लेखच नाही' हेही खरे नाही.

हे सगळे एका प्रसंगावर लावून पाहू, म्हणजे फरक नीट दिसेल. रविवारची उपासना संपली आहे. १९ वर्षांचा एक मुलगा थांबतो, पाळकांना म्हणतो, 'मला मुलगे आवडतात. माझ्यासाठी प्रार्थना करा.' पाळक तीन प्रकारे प्रार्थना करू शकतात. पहिली: 'प्रभू, याला धीर दे, तू याच्यावर प्रेम करतोस हे याला कळू दे, पुढची वाट दाखव.' दुसरी: 'प्रभू, तुझ्या वचनाप्रमाणे शुद्ध राहायला याला बळ दे, मोहात पडू देऊ नकोस.' तिसरी: डोक्यावर हात, चौघांचा घेर, 'हा दुष्ट आत्मा याच्यातून निघून जावो, याला बरा कर', आणि 'पुढचे सहा शुक्रवार उपास करून ये'.

पहिलीला कुठेच अडचण नाही. तिसरी व्हिक्टोरियात सरळ कायद्याच्या कक्षेत येते, मुलाला इजा झाली तर गुन्हा. न्यू साऊथ वेल्समध्ये २०२४ चा कायदा ४ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. तिथे बदलण्याचा हेतू आणि मोठी शारीरिक किंवा मानसिक हानी असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत मुलगा प्रौढ आहे, त्यामुळे सगळे त्याची संमती मोकळी होती का यावर येते. घरातून हाकलण्याची धमकी मागे असेल तर ती संमती टिकत नाही. कोलोरॅडोसारख्या राज्यात पाळक परवानाधारक समुपदेशक नसल्यामुळे तिथला कायदा त्याला लागूच होत नाही. नैतिक प्रश्न अर्थात उरतोच.

खरी ओढाताण दुसऱ्या प्रार्थनेवर आहे. ख्रिस्ती परंपरेच्या डोळ्यांनी पाहिले तर ही रोजची प्रार्थना आहे. अविवाहित मुलामुलीसाठी, लग्न झालेल्या पुरुषासाठी, दारू सोडणाऱ्यासाठी अशीच प्रार्थना होते. पण व्याख्येत 'दडपणे' हा शब्द असला की प्रश्न येतो: समलिंगी माणसाला ब्रह्मचर्य पाळायला बळ मागणे म्हणजे त्याचा कल दडपणे का? न्यू साऊथ वेल्सने हा धोका ओळखून लिहून ठेवले की बदलण्याचा किंवा दडपण्याचा हेतू नसलेली श्रद्धेची अभिव्यक्ती, प्रार्थनेतली सुद्धा, यात येत नाही. धर्म काय सांगतो हे एखाद्याला सांगणे, मंडळीच्या सभासदत्वाचे सर्वसाधारण नियम आणि आईवडिलांचे मुलांशी बोलणे, हेही वगळले. न्यूझीलंडच्या २०२२ च्या कायद्यातही श्रद्धा केवळ व्यक्त करण्याला वाव आहे, आणि खटला भरायला ॲटर्नी जनरलची संमती लागते. कॅनडात अशी स्पष्ट वाक्ये घालण्याची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. तिथे एकदाची प्रार्थना 'सेवा' किंवा 'उपचार' ठरते का, यावर वाद घालता येईल. पण नाव नोंदवून, वेळापत्रक लावून आठ आठवडे चालणारा वर्ग त्यात बसण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

ख्रिस्ती मतांकडे वळू. 'ख्रिस्ती लोक बंदीच्या विरोधात आहेत' हे विधान साफ चुकीचे आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने (त्या चर्चच्या सर्वोच्च सभेने) जुलै २०१७ मध्ये सरकारला बंदी घालायला सांगितले. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने २०१५ साली अशा थेरपीविरुद्ध ठराव केला. ब्रिटनच्या मेथॉडिस्ट कॉन्फरन्सने २०२१ साली बंदीला पाठिंबा दिला. यांतल्या सगळ्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिलेली आहे असेही नाही. विवाहाबद्दल पारंपरिक शिकवण धरूनही हे 'उपचार' चुकीचे मानणारे पुष्कळ आहेत. स्वतः समलिंगी आकर्षण असलेले आणि श्रद्धेपोटी ब्रह्मचारी राहणारे ख्रिस्ती लोक त्यात ठळक आहेत. या चर्चेत त्यांना 'साइड बी' म्हणतात. समलिंगी विवाहाला देवाचा आशीर्वाद आहे असे मानणारे ते 'साइड ए', आणि कल बदलावाच लागतो म्हणणारे ते 'साइड एक्स'. 'साइड बी'च्या लोकांनी 'बरे होशील' हे वचन सोसलेले आहे, म्हणून त्यांना बंदीमागचे कारण समजते. पण त्यांनी स्वखुशीने निवडलेल्या जीवनाला साथ देणारा पाळकच उद्या आरोपी होईल का, ही भीतीही त्यांचीच आहे. माझ्या मते या वादात सर्वांत आधी ऐकून घ्यावे असे हेच लोक आहेत, आणि दोन्ही बाजू त्यांनाच सर्वांत कमी विचारतात.

विरोध करणाऱ्यांतही एकच सूर नाही. ब्रिटनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने २०२१ साली पंतप्रधानांना पत्र लिहिले, त्याचा रोख व्याख्येच्या ढिलेपणावर होता. सक्ती थांबवायला त्यांची हरकत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतले पाळक जॉन मॅकआर्थर यांनी कॅनडाच्या कायद्याचा निषेध म्हणून एका ठरलेल्या रविवारी लैंगिक नीतीवर उपदेश करायचे आवाहन केले. अशा विरोधासाठी सहसा बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ५:२९ चा आधार घेतला जातो: मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. वचन खरे आहे. पण ते वापरण्याआधी कायदा खरोखर उपदेशाला मना करतो का, हे तपासायला हवे. या कायद्यांत सहसा एखाद्या ठरावीक व्यक्तीवर केलेली कृती धरली जाते. व्यासपीठावरून सर्वांना केलेला उपदेश त्यात येत नाही.

या मतभेदांच्या तळाशी धर्मशास्त्र आहे. कॅथलिक शिकवणीत (कॅटेकिझम या अधिकृत शिकवणग्रंथाचे परिच्छेद २३५७ ते २३५९) कल आणि कृती वेगळी मानली आहे. कृती पाप, नुसता कल पाप नव्हे, आणि अशा व्यक्तीला आदराने व सहृदयतेने वागवायचे. काही सुधारित (रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट) परंपरेच्या मंडळ्या याहून पुढे जातात आणि इच्छेचाही पश्चात्ताप हवा म्हणतात. १ करिंथकर ६:११ मधले 'तुमच्यापैकी कित्येक असे होते' हे वाक्य 'साइड एक्स'चे लोक कल बदलल्याचा पुरावा म्हणून वाचतात. पण त्या यादीत लोभी आणि दारूडेही आहेत, आणि त्यांना पुन्हा कधी मोह होत नाही असे कोणी शिकवत नाही. कायदा मात्र कल आणि वर्तन यांत असा फरक करत नाही, दोन्ही मिळून माणसाची ओळख धरतो. चर्चला जे 'संयम' वाटते ते कायद्याला 'दडपणे' वाटू शकते, ते इथून.

लिंगओळखीचा भाग वेगळा समजावा. लैंगिक कलाबाबत सहमत असलेले डॉक्टर आणि धर्मगुरूही इथे वेगळे होतात, कारण लिंगओळखीबद्दल संभ्रमात असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला सावकाश प्रश्न विचारणे म्हणजे नेहमीचे समुपदेशन की बंदी मोडणे, हे ठरवणे अवघड आहे. फ्रान्सच्या कायद्यात म्हणूनच कमी वयाकडे बघून सबुरीने विचार करायला सांगणारे बोलणे वगळले आहे.

धर्मस्वातंत्र्याचा कायदेशीर गाभा थोडक्यात. युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ९ प्रमाणे श्रद्धा बाळगण्याचा हक्क निरपवाद आहे. ती आचरणात आणण्यावर मात्र कायद्याने, योग्य हेतूसाठी आणि गरजेपुरतीच मर्यादा घालता येते. मुलांना हानीपासून वाचवणे हा योग्य हेतू आहे यात शंका नाही. भांडण 'गरजेपुरती' या शब्दावर होते, आणि संमती देणाऱ्या प्रौढाच्या बाबतीत ते सर्वांत तीव्र होते. अमेरिकेत धर्मापेक्षा भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे आला: समुपदेशकाचे बोलणे हे 'बोलणे' की 'उपचार'? २०१४ पर्यंत दोन अपील न्यायालयांनी बंदी टिकवली, २०२० साली तिसऱ्याने फ्लोरिडातल्या स्थानिक बंद्या अडवल्या. कोलोरॅडोच्या कायद्याचे प्रकरण, चाइल्स विरुद्ध सालाझार, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी युक्तिवाद झाले.

आता मंडळीने करायच्या गोष्टी. पहिली आणि बिनशर्त: बदलाचे वचन देऊ नका, तोंडी नाही, पत्रकात नाही, साक्षीच्या (श्रद्धेचे अनुभव सांगण्याच्या) कार्यक्रमात नाही. कायदा नसता तरी हे खोटे वचन आहे. जुनी वेबपाने आणि व्हिडिओ तपासा. 'समलैंगिकतेतून सुटका' असा दहा वर्षांपूर्वीचा मजकूर अजून दिसत असेल तर कॅनडा, जर्मनी आणि व्हिक्टोरियात तोच जाहिरात ठरू शकतो. माल्टाने २०१६ साली युरोपीय संघात पहिली बंदी घातली, आणि तिथे एका ख्रिस्ती व्यक्तीवर माध्यमांतल्या मुलाखतीवरून जाहिरातीचा खटला भरला गेला. दुसऱ्या देशातल्या शिबिराचा पत्ता देणे सुरक्षित समजू नका. व्हिक्टोरियात नुसती शिफारस करणेही व्याख्येत येते.

अल्पवयीन मुलाशी या विषयावर बंद खोलीत एकट्याने बोलू नये, पण चौघांच्या घेरात तर मुळीच बसवू नये. दरवाजा उघडा, नजरेच्या टप्प्यात दुसरी जबाबदार व्यक्ती, एवढे पुरे. सर्वांत जास्त नुकसान कुठे होते? मुलाने विश्वासाने सांगितलेले पाळक त्याच संध्याकाळी आईवडिलांना सांगतात तेव्हा. घरी मारहाण होते, शाळा सुटते, कधी मूल घरच सोडते. घरी कळले तर काय होईल, हे आधी मुलालाच विचारा. जिवाला धोका असेल तर मुलाच्या सुरक्षेचा कायदा आणि तज्ज्ञ मदत हाच मार्ग. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने विचार वाढत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका आणि प्रार्थना संपायची वाट न बघता तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

मंडळीचे नियम सर्वांना एकच लावा. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीपुरुषांना वेदीजवळ सेवा करू द्यायची आणि समलिंगी तरुणाला मात्र गायकवृंदातून काढायचे, असे असेल तर धर्मस्वातंत्र्याचा दावा आयोगापुढे उभाही राहत नाही, आणि राहू नये. प्रौढाशी होणाऱ्या भेटींची साधी नोंद ठेवा: तारीख, भेट कोणी मागितली, त्याने कोणत्या शब्दांत मदत मागितली, पाळकांनी काय सांगितले. त्याला कधीही थांबता येईल हे पहिल्याच भेटीत सांगा आणि ते वाक्यही नोंदवा. पैसे घेऊ नका.

कॅथलिक धर्मगुरूंसाठी एक वेगळी अडचण आहे. पापकबुलीची गुप्तता (चर्चच्या कायद्यातले कलम, कॅनन ९८३) धर्मगुरूला स्वतःच्या बचावासाठीही मोडता येत नाही. कबुलीत 'तू बदल' असे फर्मावल्याची तक्रार झाली तर तो 'मी असे म्हणालोच नाही' हेही सांगू शकत नाही. म्हणून या विषयावरचे सविस्तर मार्गदर्शन कबुलीच्या बाहेर, वेगळी वेळ ठरवून करावे, आणि कबुलीत क्षमा व थोडका सल्ला यापुढे जाऊ नये.

आयोगाचे पत्र आलेच तर त्याच दिवशी उत्तर लिहू नका, व्यासपीठावरून तक्रारदाराचा उल्लेख करू नका, आणि तो कोण असेल याचा शोध तर अजिबात घेऊ नका. व्हिक्टोरियात तक्रार पीडितानेच करावी लागते असे नाही, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो आणि ज्या मुलाने तोंडही उघडलेले नाही त्याच्यावर मंडळी तुटून पडते. नोंदी जशा आहेत तशा ठेवा, एक ओळही नंतर घालू नका, आणि त्या राज्याचे कलम रोज हाताळणारा वकील गाठा.